गोळ्या चालू आहेत आणि घरात हळद आहे

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एका परिचारिका ताईंनी केलेले भाषण. बोलणे शक्यतो तसेच ठेवून छापत आहोत. – संपादक मंडळ)



मला निरोप आला होता की दारूबंदीवर बोला. पण दारूबंदीवर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बोलाल. मोर्चे तुम्ही काढलेत, उभी बाटली-आडवी बाटली तुम्ही केलीय, हातभट्टीचे माठ तुम्ही फोडलेत. मी आज दुसऱ्याच माणसाबद्दल बोलणार आहे. जो रोज पीत नाही. रस्त्यात पडत नाही, मारहाण करत नाही, पगार घरी आणतो. फक्त हळदीला, वरातीला, जत्रेच्या बोकडाला, गटारीला, पोळ्याच्या करीला मित्रांबरोबर ‘बसतो’. त्याला कुणी दारुडा म्हणत नाही, आणि तो नाहीच. पण त्याला शुगरची गोळी चालू आहे. नाहीतर टीबीचा कोर्स चालू आहे. नाहीतर फिटची गोळी. आणि पुढच्या आठवड्यात चुलतभावाची हळद आहे.

या माणसाकडे कुणाचं लक्ष नसतं. दारुड्याच्या घरी आपण जातो, समजावतो. याच्या घरी कोण जाणार? त्याची बायकोसुद्धा म्हणते, “जाऊ दे सिस्टर, वर्षातून चारदा तर घेतात.” मी दवाखान्यात २६ वर्षं काढली. या चार वेळांपैकी एखाद्या रात्री उचलून आणलेली माणसं मी पाहिलीत. म्हणून हा विषय.

आधी शुगरवाल्यांचं बोलते, कारण आता शुगर प्रत्येक वाडीवर आहे.

आपल्या शरीरात यकृत असतं. बोकडाची कलेजी तुम्ही धुतलीय, शिजवलीय, तर ते काय ते तुम्हाला सांगायला नको. यकृत म्हणजे घरातली साखरेची कोठी समजा. आपण जेवलो नाही, रात्रीचे सात-आठ तास पोट रिकामं राहिलं, तरी रक्तातली साखर एकदम खाली जात नाही. कारण यकृत साठवलेली साखर थोडी थोडी सोडतं, संपत आली तर नवीन तयार करतं. आता दारू पोटात गेली की यकृताला आधी ती दारू निस्तरावी लागते. तेवढा वेळ नवीन साखर करायचं काम मागे पडतं. धडधाकट जेवलेल्या माणसाला एवढं कळत नाही. पण ज्याने संध्याकाळी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतलीय किंवा इन्सुलिन टोचलंय, त्याच्या शरीरात साखर खाली ओढणारं औषध आधीच कामाला लागलेलं आहे. वर दारू. आणि जेवण नाही.

हळदीच्या घरी जेवण किती वाजता होतं? तुम्हीच सांगा. डीजे बंद झाल्याशिवाय पंगत बसत नाही. बाप्ये लोक सात वाजताच शेताकडे नाहीतर शाळेच्या मागे जाऊन बसलेले असतात. चकण्याला शेंगदाणे, फरसाण. बारा वाजता येतात, तेव्हा भूक मेलेली असते. तसेच ओट्यावर आडवे होतात.

एका घरची गोष्ट सांगते. गावाचं नाव, गटाचं नाव सांगत नाही. नवरा ४८ वर्षांचा, शुगरची गोळी दोन वेळ, अगदी नेमाने घेणारा. पुतण्याच्या हळदीला गोळी घेऊन गेला. चांगला विचार केला त्याने, की गोळी चुकायला नको. तीन-चार तास बसला, जेवला नाही. रात्री घरी आला तेव्हा बोलणं अडखळत होतं, झोकांड्या जात होत्या, अंग घामाने ओलं. बायको म्हणाली, यांना काहीतरी होतंय. दीर म्हणाला, “जास्त झालीय वहिनी, पडू द्या, उतरली की उठतील.” सासूही तेच म्हणाली. पहाटे चारला ती उठवायला गेली तर नुसती घरघर. आमच्याकडे आणला तेव्हा साखर ३८ होती. ७० च्या खाली गेली की धोका समजतात, हा ३८ वर. सलाईनमधून साखर दिली. तो वाचला. पण पुढे कित्येक महिने त्याला साधे हिशेब जमत नव्हते. दुकान होतं त्याचं. त्या बाईने गटातून उचललेल्या कर्जाचे हप्ते ती रोजंदारी करून फेडत होती, गटातल्या बायांना वाटायचं ही मुद्दाम थकवतेय.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते दिराचं वाक्य. “पडू द्या, उतरली की उठतील.” कारण साखर कमी झालेला माणूस आणि प्यालेला माणूस दिसायला सारखाच दिसतो. दोघंही अडखळतात, चिडतात, भलतंसलतं बोलतात, झोपी जातात. त्यात तोंडाला वास येत असला की कुणी पुढचा विचारच करत नाही. आणि साखर लगेच कमी होते असंही नाही. कितीतरी तासांनी, पहाटे, दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा होते.

तेव्हा शुगरचा माणूस पिऊन आला तर त्याला झोपू द्यायच्या आधी बसवा. भांडण उद्यासाठी ठेवा. तो शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर भाकरी, भात, जे असेल ते खायला लावा. घाम, थरथर, गोंधळलेपणा दिसला तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा, पंधरा मिनिटांनी बघा, बरं वाटलं तरी मग जेवण द्या, आणि रात्रीतून दोनदा उठवून बघा. साखर पुन्हा खाली जाऊ शकते. घरात शुगर तपासायचं मशीन असेल तर लावा. आशाताईकडे असलं तर रात्री दार वाजवायला लाजू नका. आणि माणूस उठतच नसेल, नीट गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. ना साखरपाणी, ना लिंबू, ना ताक. श्वासनळीत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. दवाखान्यात दोन्ही गोष्टी सांगा, गोळी कोणती आणि प्याला किती. गोळ्यांचं पाकीट पदरात बांधून आणा. तिथे पाहुण्यांसमोर नवऱ्याची अब्रू झाकायला “काही नाही हो, जागरण झालं” असं सांगणाऱ्या बाया मी पाहिल्यात. अर्धा तास त्यातच जातो.

शुगरच्या दुसऱ्या गोळीचं, मेटफॉर्मिनचं, थोडं वेगळं आहे. ती एकटी असेल तर साखर एवढी खाली जात नाही, पण जास्त प्यायली तर रक्तात आम्ल साठून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. क्वचित होतं, पण होतं.

आता टीबी.

टीबीचा कोर्स साधारण ६ महिन्यांचा. पहिले २ महिने चार औषधं, पुढे ४ महिने तीन. यातली आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला जड. बहुतेकांचं यकृत ती सोसतं. पण वर दारू टाकली तर औषधाने कावीळ होण्याचा धोका वाढतो. शिवाय आयसोनियाझिडने हातापायाला मुंग्या येतात, दारूनेही येतात, दोन्ही मिळून तळपाय जळायला लागतात. म्हणून टीबीच्या कोर्सात ‘थोडी चालेल का’ या प्रश्नाला उत्तर एकच: नाही. कोर्स संपेपर्यंत एक घोटही नाही.

पण खरी पंचाईत कुठे होते ते ऐका. कोर्स सुरू होऊन दोन महिने झाले की खोकला गेलेला असतो, वजन वाढलेलं असतं, तोंडावर तेज येतं. माणसाला वाटतं आपण बरे झालो. नेमकं तेव्हा लग्नसराई. मित्र म्हणतात, “अरे, आता तर ठणठणीत दिसतोस.” आणि त्याने कुणाला टीबी सांगितलेलाच नसतो! सांगायची सोय आहे का आपल्याकडे? सांगितलं तर पंगतीत वेगळा बसवतील, पोरीचं लग्न अडेल. मग नाही म्हणायचं तर कारण काय सांगणार? कारण नाही म्हणून तो ग्लास घेतो. चवीसाठी, नशेसाठी नाही, तर आजार लपवायला घेतो. हे मला फार उशिरा एका पेशंटच्या तोंडून कळलं. आपण सगळ्या “का पिता, का पिता” करतो, तेव्हा हे कारण आपल्या ध्यानातच नसतं.

आणखी एक खुळचट समज. “आज घ्यायची आहे, मग आज गोळी नको, रिअॅक्शन होईल.” हे मित्रच सांगतात, मोठ्या शहाणपणाने. हळद, लग्न, मांडव परतणं अशा तीन दिवस गोळ्या चुकतात. पुढच्या महिन्यात जत्रा, परत दोन दिवस. टीबीच्या जंतूला अशी मधूनमधून सवड मिळाली की तो औषधाला दाद देईनासा होतो. मग उपचार आणखी लांबतो, औषधं आणखी कडक होतात. शिवाय हा माणूस घरात पुन्हा खोकायला लागतो, आणि शेजारी नातू झोपलेला असतो. म्हणून टीबीच्या घरात पक्कं ठरवा: घेतली असेल, नसेल, गोळी चुकणार नाही. घेतली असेल तर ते सिस्टरला, डॉक्टरला सांगायचं. आम्ही ओरडू, पण यकृताची रक्ततपासणीही करू.

लघवी लालसर-नारिंगी झाली तर घाबरू नका, ती रिफाम्पिसिनने होते. पण डोळे पिवळे दिसले, अन्नाची शिसारी आली, सारखी उलटी, पोटात उजव्या बाजूला दुखणं, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना. गोळ्या थांबवायच्या का ते डॉक्टर ठरवतील. कावीळ उतरवणाऱ्याकडे माळ घालायला जाण्यात आठवडा घालवू नका. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात, पण आत गोळ्या आणि यकृत यांचं चाललेलं असतं ते माळेला काय कळणार?

टीबीच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेतून आधी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. ते अंडी, डाळ, शेंगदाणे यासाठी आहेत. खात्यावर येतात की नाही ते बँक सखीकडून बघून घ्या. आणि ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्यांनी जाताना दवाखान्यातून आपला निक्षय नंबर लिहून न्यावा, जिथे जाल तिथल्या सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात. कोपीवर थंडीत अंग दुखतं म्हणून घोटभर घेतात, मला माहीत आहे. दारूने ऊब आल्यासारखं वाटतं, पण शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते.

फिटचं थोडक्यात सांगते. प्यायल्यानंतर, नशा उतरताना, झोप न झाल्याने आणि गोळी चुकल्याने फिट येते. म्हणजे हळदीनंतरचा दुसरा दिवस धोक्याचा. त्या दिवशी विहिरीवर, मोटरसायकलवर, चुलीपुढे एकट्याला सोडू नका. बीपीवाल्यांचं प्रेशर दारूने वाढतं, वर गोळी घेतलेली असेल तर उठताना चक्करही येते. झोपेच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्यांवर दारू प्यायली तर गुंगी इतकी वाढू शकते की श्वास मंदावतो.

“बियर म्हणजे दारू नाही” असं म्हणणारे तुमच्याकडेही असतील. हिशेब करू, आपण गटाच्या बाया, हिशेब आपल्याला येतो. स्ट्राँग बियरची ६५० मिलीची बाटली, ८ टक्के म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचे ६० मिलीचे दोन पेग, ४२.८ टक्क्यांनी, म्हणजे ५१ मिली. झालं की बरोबर! एक बाटली म्हणजे दोन मोठे पेग. आणि हातभट्टीला तर मापच नाही, आत काय आहे तेही माहीत नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने १०० च्या वर माणसं गेली.

मग शुगर-बीपीवाल्याला थोडी चालते का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. पण सगळे सोडणार नाहीत हेही मला कळतं. तर निदान डॉक्टरांना विचारा, तोंडावर विचारा: “साहेब, मला या गोळ्या चालू आहेत, मी वर्षातून चारदा घेतो, काय करू?” गोळी पाहून, यकृत-किडनी पाहून ते सांगतील. आणि कुणाला थोडी चालेल म्हणाले तरी रिकाम्या पोटी कुणालाच चालत नाही.

आता आपल्या हातात काय आहे? नवऱ्याच्या मागे मांडवात फिरायचं, वास घ्यायचा, ते नको. चारचौघांत बायकोने हात धरला की तो हट्टाने जास्त पितो. मला जे जमलेलं दिसलं ते सांगते. कारण आधीच ठरवून ठेवायचं, घरी, शांतपणे. “मागे कावीळ झाली होती, डॉक्टरने बंद केलीय” हे कारण गावात सगळ्यात जास्त चालतं. काविळीपुढे कुणी आग्रह करत नाही. “पहाटे गाडी घेऊन जायचंय” हेही चालतं. माळ घातली असं मात्र खोटं सांगू नका, पुढच्या महिन्यात मटणाच्या पंगतीला सापडाल. हातात कोल्ड्रिंक नाहीतर सोड्याचा ग्लास भरलेला ठेवायचा, रिकामा हात दिसला की भरणारे असतात. शुगरवाल्याने साधा सोडा. आणि एका तरी भरवशाच्या मित्राला खरं सांगून ठेवायचं. टीबीच्या एका पेशंटने मेहुण्याला सांगितलं होतं, मेहुणा सबंध लग्नात शेजारी बसून त्याचा ग्लास स्वतः सांभाळत होता. सहा महिने पार पडले.

आणि जेव्हा हळद आपल्या घरची असते तेव्हा? तेव्हा तर सगळं आपल्या हातात आहे. पंगत आठला बसवा. भटारखाना आपला, वेळ आपली. “आमच्याकडची दोन घोट घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही” असा आग्रह आपल्या घरचा कुणी करत असेल तर त्याला आपण थांबवायचं, कारण पाहुण्याच्या खिशात कोणती गोळी आहे ते आपल्याला माहीत नसतं.

आपल्यातल्याही काहीजणी घेतात. मोहाची, ताडी, किंवा कामावरून आल्यावर घोटभर. हसू नका. त्यांनाही शुगर आहे, त्यांनाही टीबी होतो, आणि त्यांना दवाखान्यात कुणी विचारत नाही, त्या सांगत नाहीत. बाईच्या शरीरात तेवढीच दारू जास्त चढते. बाळंतिणीला ब्रँडी देणाऱ्या सासवांनीही आता ते बंद करावं.

दोन धोक्याच्या गोष्टी सांगून थांबते. पहिली, पुड्या. ‘नकळत दारू सोडवा’ म्हणून बाजारात पुडी मिळते, चहात मिसळायची. काही पुड्यांमध्ये काय असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, काहींत दारू सोडवायची खरी गोळी कुटून घातलेली असते, डायसल्फिराम. ती घेतल्यावर माणूस प्यायला की तोंड लाल, छाती धडधड, उलट्या, बीपी एकदम खाली. हृदयरोगी किंवा शुगरवाला असेल तर जीव जाऊ शकतो. टीबीच्या आयसोनियाझिडशीही तिचं जमत नाही, माणूस भ्रमिष्टासारखा करतो. ही गोळी डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने. चोरून कधीही नाही. आपल्या गटातल्या किती बाया अशा पुडीला पाचशे-हजार देतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

दुसरी. वर्षातून चारदा म्हणणारा खरंच चारदाच घेतो का ते बघा. सकाळी हात कापतात, घेतल्यावर थांबतात, असं असेल तर तो रोजचा आहे. अशा माणसाला कोंडून एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात, जीवही जातो. दवाखान्यात भरती करून औषधाखाली सोडवावी लागते. जिल्हा रुग्णालयात सोय आहे. पुण्यात मुक्तांगण आहे, डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं. व्यसनमुक्तीचा मोफत नंबर १४४४६, वहीत लिहून घ्या. मनाचा त्रास तुम्हाला स्वतःला होत असेल तर टेलिमानसचा १४४१६. टीबीसाठी १८००-११-६६६६.

आणि गटाच्या बैठकीत हे बोलताना कुणाच्या नवऱ्याचं, मुलाचं नाव घ्यायचं नाही. दशसूत्रीत आरोग्य आहे म्हणून आपण आजाराची नोंद ठेवतो, पण ‘अमकीच्या घरी टीबी’ असं इतिवृत्तात लिहायचं नाही. एखादीचा हप्ता थकला तर दंड लावण्याआधी सचिवाने तिच्या घरी जाऊन यावं. आजार निघाला तर ग्रामसंघाचा जोखीम निधी त्याचसाठी आहे.

तुळशीचं लग्न झालं की मांडव पडायला लागतील. त्याच्या आधी ज्यांच्या घरी गोळ्या चालू आहेत त्यांनी पाकिटं घेऊन उपकेंद्रात एक चक्कर मारा, आणि ती कशासाठी, जेवणाआधी की नंतर, रिकाम्या पोटी काय होईल, एवढं विचारून या.

आता प्रश्न असतील तर विचारा. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही, त्यांच्यासाठी मी चहा होईपर्यंत मागच्या खोलीत बसलेली आहे. एकेकीने या.